चौथ्या हाताचे प्रकरण

आदरणीय श्री. शांतवीरप्पा हत्तुरे सरांना यंदा साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या रसायनविषयक कामावर लिहिण्याचे काम समितीने माझ्याकडे सोपवले. सरांच्या विद्यार्थ्यांत वकील आहेत, डॉक्टर आहेत, एक मामलेदारही आहेत. मी पुण्याच्या एका कॉलेजात परीक्षानळ्या मांडणारा साधा डेमॉन्स्ट्रेटर. तरी हा लेख मीच लिहावा असा खुद्द सरांचा आग्रह होता असे कळले, तेव्हा मला आनंद झाला आणि धास्तीही वाटली. धास्ती कशाची, ते वाचकांना पुढे कळेलच.

मी मूळचा वैरागचा. वडील तिथे कारकून. मराठी शाळा संपल्यावर मला सोलापूरला एका नातलगांच्या ओसरीवर आणून टाकले आणि हायस्कुलात नाव घातले. पहिल्याच आठवड्यात सरांचा तास होता. धोतर, लांब काळा कोट, कपाळावर विभूतीचे पट्टे, आणि हातात लोखंडी घमेले. घमेल्यात चुनकळी. सरांनी वर तांब्याभर पाणी ओतले आणि चुना खदखदू लागला. आमच्या गावी घर बांधताना हे मी पन्नासदा पाहिले होते, त्यामुळे मला त्याचे कौतुक नव्हते. पण एक शंका होती आणि ती तोंडातून निसटली. म्हटले, “सर, पाणी बी गार, चुना बी गार. मग ऊन कुटनं आलं?”

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी विचारले, “कुठला रे तू?”

“वैरागचा.”

“वैरागकर, ते मलाही नीट ठाऊक नाही. पुस्तकात ‘उष्णता निर्माण होते’ एवढंच लिहिलंय. उद्या सांगतो.”

तोवर माझी समजूत अशी की मास्तरांना सगळे येते, आणि जे येत नाही ते विचारणाऱ्याला छडी मिळते. दुसऱ्या दिवशी सरांनी निम्मे उत्तर सांगितले आणि उरलेले निम्मे आपल्यालाही कळलेले नाही हेही सांगितले. माझे आडनाव खरे तर वेगळेच आहे, पण त्या दिवसापासून मी जो वैरागकर झालो तो आजतागायत. समितीचे पाकीटसुद्धा त्याच नावाने आले आणि पोस्टमनने ते बिनदिक्कत माझ्या हाती दिले.

सर होटगीकडचे. घरी जिरायत शेती आणि धान्याचे लहानसे दुकान. घरात कानडी, बाहेर मराठी, शाळेत इंग्रजी. पुण्यात पदवी घेतल्यावर मुंबईच्या एका कॉलेजात त्यांना जागा मिळत होती असे म्हणतात. सरांना त्याबद्दल विचारले तर ते विषय बदलतात. ते सोलापूरला परतले आणि हायस्कुलात मास्तर झाले. आकडेमोड मात्र ते अजून कानडीतच करतात. फळ्यावर अणूच्या भोवती इलेक्ट्रॉन मांडताना “ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु” असे पुटपुटणे चालूच असते. आमच्यातले काही टवाळ त्यांची नक्कल करत. एकदा ती सरांनीच ऐकली आणि म्हणाले, “कुठल्याही भाषेत मोजा रे. कमी-जास्त भरले नाहीत म्हणजे झालं.”

त्यांच्या मायेची एकच गोष्ट सांगतो. मी वार लावून जेवत असे. सहा वारांची सहा घरे मिळाली होती, गुरुवार रिकामा होता. गुरुवारी मी दुपारी पाणी पिऊन वर्गात बसे आणि शेवटच्या तासाला डोळ्यांपुढे काजवे चमकत. हे सरांनी कसे ओळखले कोण जाणे. त्यांनी फर्मान काढले की दर गुरुवारी मधल्या सुटीत वैरागकरने प्रयोगशाळेतल्या बाटल्या पुसायच्या. मला वाटले शिक्षाच झाली. पहिल्या गुरुवारी गेलो तर टेबलावर फडक्यात बांधलेली कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि दह्याची वाटी. शेजारी सरांच्या पत्नी गंगव्वाबाई उभ्या. “बाटल्या मागनं पुस की. आदी बस, जेव,” एवढेच म्हणाल्या. घरच्या माझ्या सोवळ्यातल्या आत्याला हे परजातीतले जेवण कळले असते तर तिने मला गोमूत्राने आंघोळ घातली असती. चार वर्षे कळले नाही. त्या चार वर्षांत मी एकही बाटली पुसली नाही, हे शाळेच्या चालकांनी वाचले तरी आता हरकत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. दहाएक वर्षांपूर्वी सरांनी रविवारचा वर्ग सुरू केला. सकाळी शाळेच्या मोठ्या खोलीत, फी नाही, हजेरी नाही. येणारे कोण, तर गिरण्यांच्या रंगखात्यातले कामगार, हातमागवाले, घरी सूत रंगवणारे, आणि माझ्यासारखे सुटीवर आलेले विद्यार्थी. सरांचे म्हणणे असे, की ज्याचे हात कोपरापर्यंत रंगात बुडालेले असतात त्याला तो रंग कसा बनतो हे कळण्याचा हक्क इतरांच्या आधी आहे. ज्या शहरात अजून कॉलेज नाही तिथे चाळीस माणसे रविवारी सकाळी अणूचे पोट उघडून पाहत बसत, याचा अभिमान मी पुण्यातल्या प्राध्यापकांसमोर कितीतरी वेळा मिरवला आहे आणि मिरवत राहणार आहे. याच वर्गाच्या टाचणांवरून सर एक मराठी पुस्तक लिहीत होते. नाव ‘कार्बनची सोयरीक’. अणू अणूला कसा धरून राहतो, हा त्याचा विषय.

कार्बनला चार हात असतात हे रसायनशास्त्राला जुनेच माहीत आहे. चारही हात सारखे, हेही प्रयोगांनी पुन्हा पुन्हा दिसलेले. पण त्या सुमारास भौतिकशास्त्रवाल्यांनी नवी भानगड उभी केली. त्यांनी दाखवले की अणूतला इलेक्ट्रॉन ग्रहासारखा ठरल्या वाटेने फिरत नाही. त्याचा एक वावर असतो आणि त्या वावराला आकार असतो. कार्बनच्या बाहेरच्या चार इलेक्ट्रॉनांसाठी असे चार वावर आहेत. त्यांतला एक चेंडूसारखा गोल, कुठल्याही दिशेला न झुकणारा. उरलेले तीन लांबट आणि एकमेकांशी काटकोनात. म्हणजे तीन भाऊ एका तोंडवळ्याचे आणि चौथा निराळाच. मग हात चारही सारखे कसे?

या पेचाने सरांना पछाडले. हायस्कुलातल्या माणसाने यात डोके घालायचे कारण नव्हते. पण मी पुण्याहून विलायती शास्त्रीय मासिकांच्या अंकांतले लेख हाताने उतरवून पाठवायचो, आणि पन्नाशी ओलांडल्यावर सर त्यासाठी नवे गणित शिकत होते. शेवटी त्यांनी आपल्यापुरता निकाल लावला. चौथा हात खरोखरच वेगळा आहे, दुबळा आहे, ठराविक दिशा नसलेला आहे. आपली मोजमापे ढोबळ म्हणून तो फरक दिसत नाही, उद्या दिसेल. त्यांनी सुताराकडून एक लाकडी गोळा करून घेतला. त्यात काटकोनात तीन काठ्या बसवल्या, आणि चौथा हात म्हणून सुताचा एक तुकडा लोंबता ठेवला. वर्गाला तो फार आवडला. सोलापुरात सूत दिसले की माणसाला विषय आपला वाटतो. ‘चौथा हात’ हे पुस्तकातले मधले प्रकरण झाले आणि पुढची सगळी प्रकरणे त्याच्या खांद्यावर उभी राहिली. चुन्याच्या वेळी “ठाऊक नाही” म्हणणारे सर इथे मात्र स्वतःच्या कल्पनेच्या प्रेमात पडले होते. मीही पडलो होतो. पुण्यात मित्रांना सांगत असे, की आमच्या सरांचे नाव एक दिवस विलायतेत निघणार.

पुस्तक छापखान्यात गेले. आणि नेमके त्या वर्षी, गणपतीच्या सुटीच्या आधी, कॉलेजच्या वाचनालयात अमेरिकेहून एक अंक आला. त्यातला एक लेख मी उभ्याउभ्या वाचायला घेतला आणि मग मला बाकावर बसावे लागले. लेखक म्हणत होता, की दुसऱ्या अणूशी बंध जुळायच्या वेळी कार्बनचे हे चार वावर आपापले जुने आकार धरून बसतच नाहीत. एक गोल आणि तीन लांबट, चौघे एकमेकांत मिसळतात आणि त्यांतून चार नवे वावर निघतात, चारही हुबेहूब सारखे, चार कोपऱ्यांकडे तोंड केलेले. हिशेब चोख होता. कोनसुद्धा प्रयोगाशी जुळत होता. चौथा हात असा काही नव्हताच.

माझे पहिले कर्तव्य तो लेख उतरवून त्याच दिवशी पोस्टात टाकण्याचे होते. मी उतरवला, आणि ट्रंकेत तळाशी ठेवला. मनाची समजूत अशी घातली, की सरांचे इतक्या वर्षांचे काम छापून होतेय, ते एकदा हातात पडू दे. त्यांना एकदा तरी त्या पुस्तकाचा वास घेऊ दे. मग सांगू. त्यांचा एक विद्यार्थी त्यांच्या पुस्तकाच्या मुळावर आला असे व्हायला नको. मी याला माया म्हणत होतो. आज स्पष्ट लिहितो, ती भीती होती.

दिवाळीला सोलापूरला गेलो. फराळाच्या ताटाशेजारीच सरांनी छापखान्यातून तपासायला आलेली मुद्रिते पसरली होती. ‘चौथा हात’ जुळून झाला होता, दोन दिवसांत यंत्रावर चढणार होता. सर इतके खुशीत मी कधी पाहिले नव्हते. गंगव्वाबाई म्हणाल्या, “दोन दिवस झालं, जेवणाचं भान न्हाई बघ यांना. नातवंड झाल्यागत करायलेत.” सरांनी ते पान माझ्यापुढे सरकवले. “वैरागकर, तुझी नजर तरुण आहे. एकदा चुका बघून दे.”

मी पेन्सिल हातात घेतली. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली. एक ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले. पुढे हात चालेना. उठलो, निघताना ट्रंकेतून पिशवीत टाकलेला तो उतरवलेला लेख काढला आणि सरांपुढे ठेवला. 

सरांनी चष्मा लावला. मी समोरच बसून राहिलो. ते वाचत होते, मागे जात होते, पाटीवर आकडे मांडत होते, कानडीत मोजत होते. चकलीचा तुकडा हातात तसाच. तासा-दीड तासाने त्यांनी पाटी खाली ठेवली. चेहरा उतरला होता, ते मी लपवणार नाही. मग विचारले, “हा अंक पुण्यात कधी आला?”

“गणपतीच्या आधी.”

ते पुन्हा मोजू लागले, या वेळी बोटांवर. “आठ रविवार,” म्हणाले. “आधीची दोन वर्षं मी त्या माणसांना चुकीचं शिकवलं, ते न कळून. ते माझं. पण हे आठ रविवार तुमचे, वैरागकर.”

आयुष्यात पहिल्यांदा सरांनी मला अहोजाहो केले, ते आजही तसेच चालू आहे. छडी परवडली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला घेऊनच छापखान्यात गेले. मालक वैतागले. जुळारी बिचारा दोन महिने खिळे जुळवत बसलेला. मालकांनी सुचवले, “सर, शेवटी एक शुद्धिपत्र लावू की. कोण वाचतंय?” सर म्हणाले, “कोणी वाचत नसतं तर छापायलाच दिलं नसतं.” आणि स्वतः उभे राहून त्यांनी मधल्या प्रकरणापासून शेवटपर्यंतचे सगळे खिळे मोकळे करायला लावले. जुळाऱ्याची त्यांनी हात जोडून माफी मागितली. त्याला फारच अवघडल्यासारखे झाले.

रविवारी वर्ग भरला. सरांनी तो लाकडी गोळा टेबलावर ठेवला आणि सरळ सांगितले, “मी तुम्हाला शिकवलं की कार्बनचा एक हात लुळा आहे. तो लुळा नाही. लुळी माझी अक्कल होती. चारही हात सारखे आहेत, आणि का ते आज सांगतो. पण त्याआधी वैरागकरांना काही सांगायचंय.”

मला काही सांगायचे नव्हते. पण चाळीस माणसे वळून पाहत होती, तेव्हा उठलो आणि सांगितले: मला आठ आठवड्यांपूर्वीच हे माहीत होते, आणि मी ते तुमच्यापासून दडवले.   मग मागच्या बाकावरून नरसय्या उठले. हे सोलापूरच्या पूर्वभागातले रंगारी, घरी तेलुगू बोलणारे, वर्गाला कधीही न चुकणारे. म्हणाले, “मास्तर, त्यात येवडं काय? रंग बरूबर चढला न्हाय तर आमी सूत परत बुडवतो की. इकायच्या आदी कळलं, लई झालं. सांगा म्होरं.”

सर पुढे सांगू लागले. पण वावर मिसळतात म्हणजे काय, हे कोणाच्या गळी उतरेना. चार मिसळले तर एकच मोठा व्हायला हवा, चार कसे निघतात? पुन्हा नरसय्याच कामाला आले. “मास्तर, एक घागर पिवळा आन् तीन घागरी निळा टाकीत वतला. ढवळला. आता परत भरून घ्या. चारच घागरी भरत्यात ना? आन् चारी हिरव्या. कुटली पिवळी आन् कुटली निळी, आता कोन सांगंल?”

सरांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, “नरसय्या, हे पुस्तकात घालू का? तुमच्या नावानं.” आणि लगेच भानावर येऊन पुढे म्हणाले, “पण एक उणं आहे बघा. रंगाला दिशा नसते. आपल्या चौघांना आहे. तेवढं रंगात दिसत नाही.” आवडलेल्या उपमेचेही उणे त्याच दमात सांगणारा शिक्षक मी दुसरा पाहिला नाही.

पुढे दोन वर्षे सर ते पुस्तक पुन्हा लिहीत होते. या मिसळण्याला मराठी शब्द हवा होता. सरांनी ‘संकर’ घातला. त्यांचे एक शास्त्री स्नेही दुखावले. म्हणाले, शब्द अमंगळ आहे, ‘संयोग’ म्हणा. सर शांतपणे म्हणाले, “शास्त्रीबुवा, संकर झाला म्हणूनच चौघे सारखे झाले. मी काय करू?” शब्द तसाच राहिला. नव्या पुस्तकात एक जास्तीचे प्रकरणही आले. कधीकधी चारांपैकी तीनच वावर मिसळतात, चौथा न मिसळता उभा राहतो, आणि गिरणीतल्या कित्येक रंगांना त्यांचा रंग त्या उभ्या वावरांतल्या इलेक्ट्रॉनांमुळेच येतो, हे त्यात आहे. हे प्रकरण रविवारच्या वर्गात सांगितले त्या दिवशी रंगखात्यातली माणसे आपले हात उलटसुलट करून पाहत होती. मी ते डोळ्यांनी पाहिले आहे.

पुस्तक निघाले, नावाजले गेले, इतर गावांतल्या शाळांतही ते वाचले जाते. त्याविषयी इतर लेखकांनी लिहिले असेलच. मला सांगायचे आहे ते यंदाचे.

समितीची मंडळी परवानगी मागायला सरांकडे गेली तेव्हा मीही होतो. सरांनी नको-नको म्हणून पाहिले, आणि शेवटी एका अटीवर होकार दिला. त्या दिवाळीची मुद्रिते त्यांनी जपून ठेवली होती. ती त्यांनी आतून आणली आणि म्हणाले, “हे ‘चौथा हात’ प्रकरण ग्रंथात छापा. जसंच्या तसं. समोरच्या पानावर नवं.”

अध्यक्ष चपापले. “सर, हा गौरवग्रंथ आहे. यात चूक कशी छापायची?”

सर म्हणाले, “मग गौरव कशाचा करताय? नव्या पुस्तकात बरोबर आहे ते अमेरिकेतल्या माणसाचं. घागरी नरसय्यांच्या. लेख वैरागकरांनी आणला. माझी स्वतःची, मी एकट्यानं डोकं चालवून काढलेली अशी एकच गोष्ट होती, ती ही चूक. ती गाळलीत तर या ग्रंथात मी कुठं आहे?”

अध्यक्षांनी मुद्रिते उचलून घेतली.  या लेखाच्या पुढच्या पानापासून ते प्रकरण सुरू होते. डावीकडे सरांचे चुकलेले, उजवीकडे सुधारलेले. डावे पान मुद्रितावरूनच ठसा करून छापले आहे, त्यात पेन्सिलीने दुरुस्त केलेले एक ऱ्हस्व-दीर्घ दिसते, ते माझे. एवढा मोठा दोष डोळ्यांसमोर असताना मला तेवढेच दुरुस्त करायचे सुचले होते.

सर, परंपरेप्रमाणे आपल्याला शंभर वर्षांचे निरोगी आयुष्य चिंतायचे असते. ते मी मनापासून चिंततो, गंगव्वाबाईंसह चिंततो. पण माझे मागणे थोडे जास्त आहे. आपण इतके जगावे, की उजव्या पानावरचेही कधीतरी जुने व्हावे. कुठून तरी नवा अंक यावा, त्यात आज आपण बरोबर समजतो तेही अपुरे ठरावे. त्या दिवशी तो लेख मी उतरवून घेईन आणि त्याच दिवशी, पहिल्या गाडीने, आपल्याकडे घेऊन येईन. आपण चष्मा लावावा, कानडीत मोजावे, आणि मला पुन्हा एकदा ‘अरे वैरागकर’ म्हणावे.